मोठ्या सशाला ट्रेची सवय लागते का? (आमची ससेहोलपट)

कोकमसरबत · ११ एप्रिल, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी, खूप वर्षं नुसतीच वाचतेय, पहिलाच धागा आहे तेव्हा सांभाळून घ्या.

झालं असं की माझ्या मावसभावाला कॅनडात नोकरी लागली आणि त्याचा ससा आमच्या गळ्यात पडला. नाव चिरोटा, पांढराशुभ्र, लाल डोळे, वय ३ वर्षं, वजन पावणेतीन किलो. तिकडे तो गच्चीवर पिंजऱ्यात असायचा, जाळीचा तळ, खाली पत्रा, सकाळी पत्रा धुतला की काम संपलं. आम्ही ठाण्यात २ बीएचकेमध्ये, गच्ची नाही, आणि एवढा मोठा जीव पिंजऱ्यात कोंडायला मन होईना म्हणून पहिल्याच दिवशी घरभर मोकळा सोडला. गेले ९ दिवस मी केरसुणी आणि सुपली हातात घेऊनच फिरतेय. लेंड्यांचं एक वेळ चालेल, कोरड्या असतात, झाडून निघतात (मुलगी मोजत होती, दीडशेनंतर कंटाळली), पण शू! सोफ्यावर, माझ्या गादीवर दोनदा, नवऱ्याच्या लॅपटॉपच्या बॅगेवर, आणि सगळ्यात लाडकी जागा म्हणजे पॅसेजमध्ये देव्हाऱ्याखालचा कोपरा. सासूबाई अजून काही बोलल्या नाहीयेत. पण त्यांच्या न बोलण्याचेही प्रकार आहेत.

मांजराचा लिटर बॉक्स आणला, त्यात मांजराचीच वाळू घातली. तो आत जाऊन मस्त झोपतो, उठतो, बाहेर येतो आणि मग शू करतो.

एवढ्या मोठ्या सशाला आता सवय लागेल का? की पिल्लू असतानाच लावायची असते?

ढब्बू_मिरची · ११ एप्रिल, रात्री ११:५९

बाकीचं उद्या लिहिते, आधी उठ आणि ती मांजराची वाळू फेकून दे. ओली झाली की गोळा होणारी वाळू आहे ना? ससे सगळं चावून बघतात आणि त्यांना उलटी करता येत नाही, पोटात गोळा झाला तर प्राणावर बेततं. आत्ता जा.

कोकमसरबत · १२ एप्रिल, रात्री १२:०६

फेकली. आता रद्दी पेपर घातलाय. तो फाडतोय.

टपरीवरचा_चहा · १२ एप्रिल, सकाळी ८:१५

सशाला शिस्त लावणं म्हणजे सशाच्या डोक्यावर शिंग शोधणं. चहा घेऊन बसलोय, चालू द्या.

निवांत_कोथरूड · १२ एप्रिल, सकाळी ९:४०

शिंग वगैरे काही नाही, आमची दोन्ही ससुली ट्रेमध्ये जातात, त्यातली एक आमच्याकडे आली तेव्हा ४ वर्षांची होती. उलट माझा अनुभव असा की मोठा ससा लवकर शिकतो, पिल्लाचं लक्षच थाऱ्यावर नसतं.

तुमची चूक (रागावू नका, आम्हीही हीच केली) म्हणजे पहिल्या दिवशी अख्खं घर देऊन टाकलं. नवीन जागा, त्याच्या वासाची एकही खूण नाही, मग तो बिचारा जाईल तिथे सही करत सुटणार. आता उलटं करा. एका खोलीचा कोपरा अडवा, प्लायचे तुकडे लावा किंवा लहान मुलांसाठी कुंपण मिळतं ते आणा, साधारण ४ फूट बाय ४ फूट पुरे. त्यात तो कुठल्या कोपऱ्यात शू करतो ते दोन दिवस नुसतं बघा. तो जिथे करेल तिथे ट्रे. आपल्याला सोयीचा कोपरा कुठला हा प्रश्न इथे येतच नाही. शू टिपलेला कागद आणि मूठभर लेंड्या ट्रेमध्ये टाकून ठेवा, वास त्याला पत्ता सांगतो. सगळं चकाचक धुऊन कोरा ट्रे ठेवलात तर त्याच्यासाठी ती नवी जागा झाली.

आणि मांजराचा छोटा ट्रे नको, ससा त्यात आडवा पसरला पाहिजे. आम्ही बांधकामाचं प्लास्टिकचं घमेलं वापरतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, स्वस्त, पडलं तरी फुटत नाही.

ओली_माती · १२ एप्रिल, सकाळी ११:०२

+१ सगळ्याला. पण निवांत मुख्य गोष्ट विसरले, गवत! सशाची गंमत अशी की खाताखाताच त्याच्या लेंड्या चालू असतात, म्हणजे गवत चघळायला बसला की तासभर तिथेच. त्यामुळे वाळलेलं गवत ट्रेच्या एका टोकाला ठेवायचं किंवा वर जाळीत असं टांगायचं की ट्रेमध्ये बसल्याशिवाय तोंड पोचणार नाही. माझा अर्धा प्रश्न या एका गोष्टीने सुटला, मी शिकवलं काहीच नाही, फक्त जेवणाचं टेबल संडासात नेलं.

टपरीवरचा_चहा · १२ एप्रिल, सकाळी ११:१०

आमच्याकडे नवरे मोबाईल घेऊन बसतात, तत्त्व तेच.

कोकमसरबत · १२ एप्रिल, दुपारी २:३०

गवताचंच विचारायचं होतं. टिमथी गवत म्हणून पाकिटं ऑनलाइन मिळतात, किंमत बघून घाम फुटला. मावसभाऊ लसूणघास (गुरांना घालतात तो हिरवा चारा) द्यायचा आणि कोबी.

रानजाई · १२ एप्रिल, रात्री ९:२०

मी जनावरांची डॉक्टर आहे, थोडं सविस्तर लिहिते.

लसूणघास मोठ्या सशाला रोज नको. त्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि सशाचं शरीर खाण्यातलं बहुतेक कॅल्शियम शोषून घेतं, जास्तीचं लघवीतून टाकतं. म्हणूनच सशाची शू वाळली की फरशीवर पांढरा खडूसारखा थर राहतो. तेवढा थर नॉर्मल आहे, पण प्रमाण वाढलं की मूत्राशयात चिखलासारखा गाळ साठतो, मग शू करताना दुखतं, थेंब थेंब गळते आणि आपण म्हणतो ससा घाण करतो. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला लसूणघास चालते. मोठ्याला साधं वाळलेलं गवत. टिमथीच पाहिजे असं काही नाही, हरळी म्हणजे आपल्या दूर्वाच, वाळवून उत्तम चालतात. फक्त फवारणी केलेल्या किंवा रस्त्याकडेच्या नकोत.

दुसरं, आणि माझ्या मते पहिलं: चिरोट्याचं ऑपरेशन झालंय का? नसेल तर ३ वर्षांचा नर नव्या घरात हद्द आखणारच. सोफा, गादी, बॅग या सगळ्या तुमच्या वासाच्या जागा आहेत, त्यावर तो आपला वास चढवतोय. नसबंदीनंतर हे बरंच कमी होतं, पण लगेच नाही, हार्मोन्स उतरायला ४ ते ६ आठवडे जातात. (तेवढे दिवस मादीपासून लांबच ठेवायचा, ऑपरेशन झालं तरी काही आठवडे पिल्लं होऊ शकतात.) मादी असती तर मी आणखी आग्रह धरला असता, कारण ऑपरेशन न केलेल्या, वय झालेल्या सशिणींमध्ये गर्भाशयाचा कॅन्सर खूप बघायला मिळतो.

डॉक्टर मात्र सशांची सवय असलेला शोधा. एक खूण सांगते: "ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवा" असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. कुत्र्यामांजरांना उपाशी ठेवतात ते उलटी होऊ नये म्हणून, ससा उलटी करतच नाही, आणि त्याचं आतडं रिकामं राहिलं की थांबतं. ससा १०-१२ तास काहीच खात नसेल तर ती इमर्जन्सी समजायची, ऑपरेशन असो वा नसो.

सातारी_कंदी · १२ एप्रिल, रात्री १०:०५

एवढ्या भानगडी? आमच्या लहानपणी गावी परसात दहाबारा ससे होते, कोणी ऑपरेशन केलं नाही की घमेलं ठेवलं नाही. एक ससा घरात यायचा तो आपणहून मोरीत जाऊन शू करायचा, कोणी शिकवलं नव्हतं.

ढब्बू_मिरची · १२ एप्रिल, रात्री १०:२१

@सातारी_कंदी मोरी म्हणजे कोपरा, ओलसर, वास असलेला, आडोशाचा. त्याने स्वतःच लिटर बॉक्स निवडला होता, तुम्ही त्याच्या मध्ये आला नाहीत एवढंच. आणि दहाबाराचे नंतर किती झाले ते सांगा की :)

सातारी_कंदी · १२ एप्रिल, रात्री १०:३३

ते विचारू नका. आजोबांनी शेवटी वाटले गावात.

मामा_माहीमकर · १३ एप्रिल, सकाळी ७:५०

साधा उपाय सांगतो. पाण्याची स्प्रेची बाटली जवळ ठेवायची, चुकीच्या जागी बसला की तोंडावर फवारा. चार दिवसांत सरळ. आमचा कुत्रा असाच शिकला.

निवांत_कोथरूड · १३ एप्रिल, सकाळी ८:२०

मामा, नाही हो. कुत्र्याला तुमची नाराजी कळते, त्याला तुम्हाला खूश करायचं असतं. ससा हा सगळ्यांचं खाद्य असलेला प्राणी, त्याला एवढंच कळणार की हा माणूस अंगावर येतो. मग तो शू थांबवत नाही, तुमच्यासमोर करायचं थांबवतो. आम्ही पहिल्या महिन्यात ओरडलो होतो तर दिवाणाखाली जाऊन करायला लागली, आणि दिवाण सरकवून पुसणं काय असतं ते माझ्या पाठीला विचारा. हा, शू करायच्या आधी शेपटी वर उचलतो, ते दिसलं तर हळूच उचलून ट्रेमध्ये नेऊन ठेवा, बाकी हूं की चूं नाही.

मामा_माहीमकर · १३ एप्रिल, सकाळी ८:४४

बरं बाबा. मग डायपर बांधा.

रानजाई · १३ एप्रिल, दुपारी १:१०

डायपर अजिबात नको. एक तर कातडी भाजते. दुसरं, ससा दिवसातून (बहुतेक रात्री किंवा पहाटे) एक वेगळी मऊ विष्ठा टाकतो, द्राक्षाच्या घडासारखी चिकट, आणि ती थेट तोंडाने घेऊन खातो. ऐकायला कसंतरी वाटेल, पण त्याला बरीचशी व्हिटॅमिनं आणि काही प्रोटीन त्यातूनच मिळतं. म्हणजे एकच गवत दोनदा पचवतो, गाईचं रवंथ असतं तसंच, फक्त रस्ता लांबचा. डायपर असेल तर तोंड पोचणार कसं?

कोकमसरबत, असा घड फरशीवर चिरडलेला दिसला तर जुलाब समजून घाबरू नका. वारंवार दिसला तर खाणं तपासा, कोबी आणि गोड फळं कमी, गवत जास्त.

टपरीवरचा_चहा · १३ एप्रिल, दुपारी १:१५

मी जेवत होतो.

बंड्या_ब्रिस्बेन · १३ एप्रिल, दुपारी ३:०२

तुम्ही लोक नशीबवान, आमच्या ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँडमध्ये, ससा पाळणं हाच गुन्हा आहे. गंमत नाही, दंड हजारो डॉलरमध्ये. १८५९ साली एका साहेबाने व्हिक्टोरियात शिकारीसाठी म्हणून काही ससे सोडले आणि त्यांनी अख्खा देश खाल्ला, तेव्हापासूनची दुश्मनी. मुलगी रोज ससा मागते. परवानगी फक्त संशोधनासाठी किंवा तुम्ही जादूगार असाल तर मिळते, टोपीतून काढायला. मी सध्या पत्त्यांच्या जादू शिकतोय.

चिंगी_लीड्स · १३ एप्रिल, संध्याकाळी ५:४५

बंड्या :D :D

मी घोड्यांच्या तबेल्यात घालतात ते लाकडी पेलेट्स वापरते. शू पडली की फुगून भुसा होतो, वास धरून ठेवतात. वर थोडं गवत. साधा भुसा मात्र पाइन किंवा देवदारचा असेल तर नको, त्यातली सुवासिक द्रव्यं सशाच्या यकृताला त्रास देतात असं इथल्या डॉक्टरने सांगितलं. पेलेट्स चालतात कारण ते भट्टीत तापवलेले असतात.

ओली_माती · १३ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

इकडे तसले पेलेट्स न मिळाल्यास: खाली वर्तमानपत्राचे ४-५ थर, वर भाताचा पेंढा. पेपर शू पितो, पेंढा पाय कोरडे ठेवतो. रोज गुंडाळून टाकायचं आणि त्यातलं मूठभर परत ट्रेमध्ये ठेवायचं, वासापुरतं. पावसाळ्यात पेंढ्याला बुरशी लागते तेव्हा हुंगून घ्या. आणि कोकम, बाकी फरशी पुसायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी. तो पांढरा थर फिनेलने निघत नाही, व्हिनेगरने निघतो, शिवाय शूचा वास मरतो म्हणजे तो परत तिथे सही करायला येत नाही.

कोकमसरबत · १९ एप्रिल, रात्री १०:४८

सगळ्यांचे आभार, आता रिपोर्ट.

बेडरूमचा कोपरा अडवला, घमेलं आणलं (दुकानदाराने विचारलं, स्लॅब कधी आहे?), पेपर, पेंढा, वर गवत. तिसऱ्या दिवसापासून शू घमेल्यात!! लेंड्या अजून दहावीस बाहेर असतात पण बाकी आत. मग हुरूप येऊन परवा दार उघडलं, तर हा गडी उड्या मारत सरळ पॅसेजमध्ये, देव्हाऱ्याखाली, आणि शेपटी वर. सासूबाई समोर पोथी वाचत होत्या. त्यांनी पोथी मिटली. आतासुद्धा बोलल्या नाहीत.

निवांत म्हणतात तो जिथे करेल तिथे ट्रे. आता देव्हाऱ्याखाली घमेलं कसं ठेवू?

सातारी_कंदी · १९ एप्रिल, रात्री ११:०५

देव्हारा हलवा. भिंतीवरचाच आहे ना?

मामा_माहीमकर · १९ एप्रिल, रात्री ११:१२

सशासाठी देव हलवायचा? कमाल आहे. उद्या ससा म्हणेल किचन हलवा. प्राण्याने घरात राहायचं की घराने प्राण्यात?

सातारी_कंदी · १९ एप्रिल, रात्री ११:२०

गणपतीला उंदीर चालतो, खंडोबाला कुत्रा चालतो...

मामा_माहीमकर · १९ एप्रिल, रात्री ११:२४

त्यांनी देव्हाऱ्याखाली शू केल्याचं पुराणात नाही.

ढब्बू_मिरची · १९ एप्रिल, रात्री ११:४०

भांडू नका, देव जागीच राहील. कोकम, उलटा उपाय कर. ज्या कोपऱ्यात नको तिथे त्याची खाण्याची वाटी ठेव. ससे सहसा वाटी असते तिथे शू करत नाहीत.

निवांत_कोथरूड · २० एप्रिल, सकाळी ७:३०

हे मला कधीच पटलेलं नाही. वर आपणच म्हणतोय की खाताखाता लेंड्या टाकतो म्हणून गवत ट्रेमध्ये ठेवा, आणि आता म्हणताय खातो तिथे करत नाही. दोन्ही कसं खरं?

रानजाई · २० एप्रिल, दुपारी २:०५

दोन्ही खरं असू शकतं. गवत म्हणजे कुरणात चरणं, एका जागी बराच वेळ, आणि चरताना आतडं चालूच. वाटीतला खाऊ दोन मिनिटांत संपतो. पण खात्रीचा उपाय म्हणणार नाही, काही सशांना फरक पडतो, काहींना ढिम्म नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की खोलीत सवय पक्की व्हायच्या आत दार उघडलं गेलं. अजून २-३ आठवडे थांबा आणि ऑपरेशनचं बघा. मग एकेक खोली, रोज तासभर. जागा वाढली की ट्रेही वाढवावे लागतात, लांबच्या ट्रेपर्यंत तो धावत जाणार नाही.

टपरीवरचा_चहा · २० एप्रिल, दुपारी २:३०

सध्या वाटी ठेवा. देवाला नैवेद्य आहे असंच दिसेल.

गुलबकावली · २ मे, सकाळी ६:४०

धागा घाईने वाचतेय, माफ करा, माझी सशीण ५ वर्षं ट्रेमध्येच जायची, गेले तीन दिवस बाहेर करतेय आणि आज शू चक्क लाल आहे!! विसरली का सगळं?

रानजाई · २ मे, सकाळी ७:१५

काल-परवा बीट किंवा गाजर जास्त दिलं होतं का? सशाच्या शूचा रंग खाण्याने केशरी-लाल होतो, तेवढ्याने घाबरायचं नाही. पण तुमच्या बाबतीत तीन दिवस ट्रे सुटलाय आणि वयही आहे, शिवाय मादी. आजच दाखवा, लघवी तपासून रक्त आहे की रंग ते कळेल. सवय लागलेला ससा अचानक बाहेर करायला लागला तर पहिलं कारण दुखणं धरायचं, मूत्रमार्ग, खडा, नाहीतर गुडघे-पाठ. सांधे दुखत असतील तर ट्रेची कड चढवत नाही, एक बाजू कापून बुटकी करून द्या.

गुलबकावली · ३ मे, रात्री ९:००

दाखवलं. सोनोग्राफीत मूत्राशयात गाळ निघाला. औषध आणि भरपूर पाणी पाजायला सांगितलंय. डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं असेल? लसूणघास देता का. देत होते हो, पाच वर्षं. धन्यवाद रानजाई.

कोकमसरबत · २८ मे, रात्री ११:१५

आले परत. गुलबकावली, तुमची सशीण कशी आहे आता?

चिरोट्याचं ऑपरेशन २४ एप्रिलला झालं. पहिल्या डॉक्टरांकडे फोनवरच "आदल्या रात्री आठनंतर काही देऊ नका" ऐकलं, आभार मानून फोन ठेवला. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी उलट गवताची पिशवी बरोबर आणायला सांगितली, शुद्धीवर आला की लगेच समोर ठेवायला. संध्याकाळी घरी, रात्री खाल्लं, मी रडले.

पुढचे दोन आठवडे काहीच फरक नाही, मी वैतागून इथे लिहिणार होते. तिसऱ्या आठवड्यात सोफा सुटला. आज ३४ दिवस झाले, गादीवर एकदाही नाही. हॉलमध्ये दुसरं घमेलं ठेवलंय, पाहुणे विचारतात काम निघालंय का घरात. उन्हाळ्यात हैराण झाला होता, पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून दिली की तिला चिकटून झोपायचा, तिथेही शू नाही.

देव्हाऱ्याखाली वाटी ठेवली होती. वाटीतलं खाल्लं, वाटी उलटी केली आणि शेजारी शू केली. निवांत, तुम्ही जिंकलात.

मग एक दिवस ऑफिसमधून आले तर सासूबाईंनी पॅसेजमधला कोपरा रिकामा केला होता. देव्हारा तिथेच. पण खालचं चपलांचं स्टँड दाराबाहेर गेलं होतं आणि त्याच्या जागी त्यांची जुनी पसरट ॲल्युमिनियमची परात, आत पेपर, वर संकष्टीच्या उरलेल्या दूर्वा वाळवून. म्हणाल्या, "चपला चालत होत्या इतकी वर्षं देवाखाली, मग हे काय वाईट?" मला उत्तर सुचलं नाही. आता तो तिथेच जातो, पहाटे, त्या पूजेला बसल्या की हा परातीत बसतो.

आणि लेंड्या त्या तुळशीला घालतात. म्हणे शेणखत मुरवावं लागतं, हे तसंच चालतं. खरं आहे का रानजाई?

ओली_माती · २८ मे, रात्री ११:३०

रानजाई झोपल्या असतील, मी सांगते, खरं आहे. माझ्या टोमॅटोला थेट घालते, मुळं जळत नाहीत. शूचा पेपर मात्र कुंडीत नको.

मामा_माहीमकर · २९ मे, सकाळी ७:०५

सासूबाईंना नमस्कार सांगा. चपलांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गुलबकावली · २९ मे, सकाळी ९:१०

बरी आहे, गाळ कमी झालाय. घमेल्याची एक बाजू कापली, आत जाते परत.

बंड्या_ब्रिस्बेन · २९ मे, सकाळी ११:४५

पत्त्यांची एक जादू जमली. मुलगी म्हणाली बाबा, ससा कधी निघणार.

झिपरी · ३ जून, रात्री ८:२०

हे सगळं हॅमस्टरला पण लागू होतं का?

ढब्बू_मिरची · ३ जून, रात्री ८:२२

वेगळा धागा काढ गं बाई.